थांबण्याची खूण

मंगळवार, ३ मार्च

क्रेनच्या नोंदवहीत रोज संध्याकाळी लिहायची एकवीस वर्षांची सवय. आज ती वही साहेबांनी कपाटात घालून कुलूप लावलं, म्हणून ही घरची वही काढली. लिहिल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नाही.

दुपारी सव्वातीनला अपघात झाला. नवव्या मजल्याच्या स्लॅबवर सळयांचा गठ्ठा उतरवत होतो. समोर शिट्टी उभा. शिट्टी म्हणजे माझा सिग्नलमन. सारखा शीळ घालतो म्हणून हे नाव; खरं नाव फक्त हजेरीपटावर. अकरा वर्षं तो हात हलवतो आणि मी त्याच्या हातावर क्रेन चालवतो. वॉकीटॉकी आम्ही चार्जिंगलाच ठेवतो. बाकीचे ऑपरेटर दिवसभर त्यात खरखर करतात. आमचं काम मुक्यानं चालतं आणि सगळ्यांत सफाईनं चालतं, याचा आम्हा दोघांना माज आहे म्हटलं तरी चालेल.

वारा बेताचा होता. शिट्टीने ‘खाली, सावकाश’ अशी खूण केली. मी सोडत गेलो. गठ्ठ्याचं पलीकडचं टोक परांचीच्या पाइपावर टेकलं होतं, ते त्याला त्याच्या जागेवरून दिसलं नसणार. मी तर फक्त त्याचा पंजा बघत होतो. डावीकडे स्लॅबवर पाणी मारणारी नवी बाई नळी टाकून दोन्ही हात पसरून उभी होती, ओली चादर वाळत घालायला घ्यावी तशी. नव्या माणसांना क्रेनचं भारी कौतुक. तेवढ्यात टोक घसरलं, गठ्ठा फिरला आणि शिट्टीच्या डाव्या पायावर आदळला.

पाय दोन ठिकाणी मोडलाय. तो ओरडला नाही म्हणतात. मी एकशे ब्याऐंशी पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत त्याला नेलंही होतं. त्याचं हेल्मेट तिथंच पडलं होतं. ते मी घरी आणलंय, का ते सांगता येत नाही.

गुरुवार, ५ मार्च

सुरक्षा अधिकाऱ्यांपुढे जबाब झाला. माणूस सभ्य आहे, पण प्रश्न विचारून झाल्यावरही आपल्याकडे बघत बसतो. विचारलं, “सिग्नलमनखेरीज कोणी थांबण्याची खूण केली होती का?” मी म्हणालो, नाही.

“पाणी मारणाऱ्या बाई म्हणतात, त्यांनी केली.”

“साहेब, सिग्नलमन एक असतो. दहा जणांच्या हातवाऱ्यांवर क्रेन चालवायची तर गठ्ठा महिन्याने खाली येईल.”

त्यांनी खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. तिथं पाटी आहे: थांबण्याची खूण कोणीही करू शकतो, ती पाळलीच पाहिजे. पाटी मला पाठ आहे. ती नवख्यांसाठी असते.

मग त्यांनी सरळ सांगितलं. तशी खूण कोणी केली नसेल, तर चूक सिग्नलमनची. पाय बरा झाला तरी शिट्टीला परत घेणार नाहीत. केली असेल आणि मी पाळली नसेल, तर माझा परवाना जाईल, कायमचा. तिसरा रस्ता नाही. निकाल लागेपर्यंत मी केबिनमध्ये चढायचं नाही आणि आठवड्यातून दोनदा संवादकौशल्याच्या वर्गाला जायचं.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मला बोलायला शिकवणार! घरी सांगितलं तर ही हसली. “बोलायला नाही हो, ऐकायला शिकवत असतील.” हिला निमित्तच हवं असतं.

मंगळवार, १० मार्च

वर्ग म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, गुडघे हनुवटीला लागतील एवढी बुटकी बाकं आणि भिंतीभर रंगीत कागद. आम्ही नऊ जण. सगळे कुठून ना कुठून पाठवलेले, आपणहून आलेलं कोणीच नाही. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. गलका झाला की तीन टाळ्या वाजवते, म्हणून मी तिचं नाव टाळीबाई ठेवलंय. ती मला ‘काका’ म्हणते. मी तिचा काका कधी झालो कोण जाणे.

पहिला खेळ असा: दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. एकाच्या हातात चित्र, त्याने सांगायचं, दुसऱ्याने काहीही न विचारता ते काढायचं. माझ्या वाट्याला बँकेच्या काउंटरवरची बाई आली. गिऱ्हाइकांशी भांडते म्हणून तिला धाडलंय. माझ्या चित्रात घर, झाड, शिडी आणि पिंप. मी इतकं मोजूनमापून सांगितलं की शेंबड्या पोरानेही काढलं असतं. हिचं पिंप झाडावर आणि शिडी हवेत.

दुसऱ्या वेळी प्रश्न विचारायची मुभा होती. बाईने चौदा प्रश्न विचारले. मी मोजले. डोकं उठलं. चित्र मात्र हुबेहूब आलं.

टाळीबाई म्हणाली, “काका, पहिल्या वेळी त्यांना शंका आल्या होत्या का, विचारा ना.”

विचारलं. बाई म्हणाली, “खूप आल्या. पण विचारायचं नाही असा नियम होता. आणि खरं सांगू, तुमचा आवाज असा आहे की नियम नसता तरी विचारलं नसतं.”

सगळे हसले. मीही हसलो, दात दिसतील एवढाच.

शुक्रवार, १३ मार्च

आज दोन मिनिटं समोरच्याने बोलायचं, आपण तोंड मिटून ऐकायचं आणि मग ‘तुम्ही म्हणालात की’ अशी सुरुवात करून त्याचं त्याला परत सांगायचं. आपली भर घालायची नाही. तोंड मिटून बसण्यात माझी हयात गेली, म्हटलं हा पेपर तर हातचाच.

समोर बस डेपोतला कंट्रोलर होता. त्याच्या मुलाने नोकरी सोडली, तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे, असं काहीसं सांगत होता. मी म्हणालो, “तुम्ही म्हणालात की मुलगा तुमचं ऐकत नाही.”

“हे मी नाही म्हणालो,” तो म्हणाला. “मी म्हणालो, नोकरी का सोडलीस हे मी त्याला विचारलंच नाही.”

“अर्थ तोच झाला की.”

“नाही हो,” तो म्हणाला आणि खाली बघत बसला. भारीच हळवा माणूस. डेपोत कसा टिकला कळत नाही.

घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं, तर ही म्हणाली, “आता माझ्यावर करून बघा.” दोन मिनिटं बोलली. मग मी सांगितलं, “तू म्हणालीस की मोरीतला नळ गळतोय.” नळ उद्याच बघतो म्हटलं. ही उठून गेली. जाताना म्हणाली, “नळ शेवटी होता.”

रविवार, १५ मार्च

शिट्टीला काल घरी सोडलं. आज भेटून आलो. जायचं जिवावर आलं होतं, पण न जाऊन चालणार कसं?

पायात आतून सळई घातलीय. मला बघून म्हणाला, “दादा, सळईनेच मोडला आणि सळईनेच जोडला.” तेवढा एकच विनोद. नंतर पलंगावर पडल्या पडल्या त्याने उजवा हात हवेत धरला आणि ‘खाली, सावकाश’ची खूण केली. पुन्हा केली. पुन्हा केली.

“दिवसभर हेच करून बघतो. माझा हात कुठे चुकला तेच सापडत नाही. तुम्ही वरून बघत होतात ना, सांगा की, कुठे चुकला?”

मी म्हणालो, “होतं असं एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नकोस.” बरं वाटावं म्हणूनच म्हणालो.

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “बारा दिवसांत एकदा शीळ घातलेली नाही यांनी.” मग माझ्याकडे बघून, “तिथं दुसरं कोणी...”

“वहिनी, त्यातलं तुम्हाला नाही कळायचं,” मी म्हणालो. त्या आत गेल्या. चहात साखर कमी होती, की मलाच लागली नाही, देव जाणे.

मंगळवार, १७ मार्च

आज डोळ्यांवर पट्टी. खोलीभर बाकं वेडीवाकडी लावली होती. एकाने आवाजाने वाट दाखवायची, दुसऱ्याने चालायचं. बाकीच्यांना एकच शब्द बोलायला परवानगी: थांबा. माझा वाटाड्या डेपोवाला. पट्टी बांधली आणि खरं सांगायचं तर मजा वाटली. तो म्हणेल तिकडे मी, अगदी शिट्टीच्या हातावर चालल्यासारखं.

मध्येच डावीकडून बारीक आवाज आला, “थांबा.” तो डेपोवाल्याचा नव्हता. मी पाऊल टाकलं. पुन्हा, “थांबा.” मी दुसरं पाऊल टाकलं आणि बाकाची कड गुडघ्यावर अशी बसली की डोळ्यांपुढे तारे चमकले.

पट्टी काढली. आवाज रुग्णालयातल्या आयाबाईंचा होता. तीन वर्गांत ही बाई पहिल्यांदाच काही बोलली असेल.

टाळीबाईने विचारलं, “काका, थांबा ऐकू आलं होतं?”

“आलं.”

“मग?”

“तो माझा माणूस नव्हता.”

टाळीबाईला टाळी वाजवायची गरज पडली नाही. मला का कोण जाणे एकदम राग आला. मी आयाबाईंना म्हणालो, “थांबा असं कुजबुजून म्हणतात का? ओरडायचं!”

त्या म्हणाल्या, “याहून मोठ्याने मी कधी कोणाशी बोललेच नाही हो.”

मी पिशवी उचलली आणि काढता पाय घेतला. गुडघा टम्म सुजलाय. ही शेकून देतेय आणि एक शब्द विचारत नाही. आज याहून जास्त लिहायचं नाही.

शनिवार, २१ मार्च

काल वर्गाला गेलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं.

आज वही उघडून तीन तारखेचं पान वाचलं. ‘नळी टाकून दोन्ही हात पसरून उभी होती, ओली चादर वाळत घालायला घ्यावी तशी.’ अक्षर माझंच आहे. नवव्या मजल्यावर चादर कोण वाळत घालतं? आणि पाणी मारणारी बाई चालू नळी खाली टाकत नाही. पाणी वाया गेलं की सुपरवायझर फाडून खातो, हे पहिल्याच दिवशी तिला कळलेलं असतं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं.

म्हणजे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि बाजूला सारलं. जबाब देताना ‘नाही’ म्हणालो तेव्हा खोटं बोलतोय असं वाटलंच नाही, इतकं ते सहज तोंडातून गेलं.

पान फाडायला घेतलं. अर्धं फाटलं. मग चिकटपट्टी लावली.

मला भीती वाटते. इथं लिहायला काय हरकत आहे? परवाना गेला तर मी कोण? खाली मला काही येत नाही. खाली चालताना माझा तोलसुद्धा धड राहत नाही. आणि बाईचा शब्द एका बाजूला, माझा एकवीस वर्षांचा दुसऱ्या बाजूला. मी गप्प राहिलो तर कोण विचारणार आहे? शिट्टीसुद्धा विचारणार नाही. त्याचा माझ्यावर विश्वास आहे.

सोमवार, २३ मार्च

चौकशी समिती गुरुवारी साइटवर येणार, असं पत्र घ्यायला गेलो होतो. फाटकाजवळच्या नळावर ती बाई बूट धूत होती. मला बघून उठून उभी राहिली, तशी मलाच लाज वाटली.

मी म्हणालो, “बाई, त्या दिवशी काय झालं ते सांगता का? मी मध्ये बोलणार नाही.”

तिला संशय आला असावा. इकडेतिकडे बघून सांगायला लागली. “भाऊ, मला सळयांचं टोक पाइपावर टेकलेलं दिसलं. नळी टाकली आणि कामाला लागताना शिकवलं होतं तसे दोन्ही हात पसरले. तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, झालं, यांना कळलं. म्हणून मी हात खाली घेतले.” ओला बूट या हातातून त्या हातात करत राहिली. “मी हात तसेच धरायला हवे होते का हो? घरी जाऊन मला सारखं तेच वाटतं. जरा वेळ धरले असते तर त्या भावांचा पाय वाचला असता.”

वर्गातलंच तोंडात आलं. “तुम्ही म्हणालात की तुम्ही टोक पाहिलंत. हात पसरलेत. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्हाला वाटलं मला कळलं, म्हणून हात खाली घेतलेत.”

“हो,” ती म्हणाली. “असंच झालं.” आणि रडायला लागली. म्हणाली, इतक्या दिवसांत मी सांगितलं तसं कोणी ऐकलंच नाही.

शिट्टीला वाटतं त्याचा हात चुकला. या बाईला वाटतं तिचे हात चुकले. दोघं आपापल्या घरी हात हवेत धरून बसलेत, आणि ज्याची चूक तो नळ दुरुस्त करतोय.

मंगळवार, २४ मार्च

वर्गात गेलो. आयाबाईंची माफी मागितली, आणि टाळीबाईला म्हटलं, तो पट्टीचा खेळ मला परत द्या. डेपोवाला सांगत होता, मी चालत होतो. डावीकडून त्याच बारीक आवाजात “थांबा” आलं. थांबलो. पट्टी काढून बघतो तर समोर काहीच नाही, मोकळी जमीन.

“उगाच म्हणून बघितलं,” आयाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच हसल्या.

उगाच थांबलो, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

गुरुवारचं हिला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, २६ मार्च

समितीचे तिघं आणि सुरक्षा अधिकारी. ठरलं असं की बाईने त्या दिवशीच्या जागी उभं राहायचं, मी केबिनमध्ये बसायचं, आणि वरून ती दिसते की नाही ते वॉकीटॉकीवर सांगायचं. समितीतले वयस्कर गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “दिसत नसेल तर प्रश्नच मिटला. बाईंचा गैरसमज झाला, एवढं लिहून फाइल बंद करू.” चांगल्या मनानेच म्हणाले. माझ्या पिकल्या केसांकडे बघून म्हणाले.

वर चढताना एका पायरीला ठरवत होतो आणि पुढच्या पायरीला मोडत होतो. तेवीस दिवसांनी केबिनमध्ये बसलो. खुर्चीने मला ओळखलं. काचेवर धूळ होती, ती बाहीने पुसली. पुसताना वाटलं, हे आपण शेवटचं करतोय की काय.

केबिनच्या डाव्या काचेला एक लोखंडी पट्टी आहे. मान चार बोटं मागे घेतली की स्लॅबचा तो कोपरा तिच्याआड जातो. मी मान मागे घेतली. बाई गेली. अजिबात दिसेना. म्हणजे ‘दिसत नाही’ म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. तसाच बसून राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. वॉकीटॉकी खरखरला. “बाईंनी खूण केली आहे. ऐकताय का?”

मान पुढे घेतली. ती होती. नळी नव्हती, चादर नव्हती. दोन्ही हात पसरून ताठ उभी होती, आणि हात थरथरत होते, कारण यावेळी ती खाली घेत नव्हती. मी उत्तर देईपर्यंत ती ते घेणार नव्हती.

बटण दाबलं. “बाई दोन्ही हात पसरून उभ्या आहेत. थांबा म्हणतायत. मला दिसतंय.” बटण सोडलं. पुन्हा दाबलं. “त्या दिवशीही दिसलं होतं. मी थांबलो नाही.”

मग साहेबांचा आवाज आला, “परत सांगा.”

मी परत सांगितलं. तेव्हा कुठे बाईने हात खाली घेतले.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिने दोन मिनिटं काय, अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाली, “शिट्टीभाऊंना कोण सांगणार?”

शुक्रवार, २७ मार्च

हेल्मेट घेऊन शिट्टीकडे गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. तिथं गेल्यावर मी बोलायला लागलो ते थांबेचना. बाईंनी खूण केली होती, मी पाहिली होती, पण वारा होता, पण उन्हाची तिरीप होती, पण अकरा वर्षांत आपल्याला कधी गरज पडली नाही, पण...

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. दारातच उभ्या होत्या, अगदी हळू म्हणाल्या.

मी थांबलो.

शिट्टी छताकडे बघत होता. रागावेल, शिव्या देईल, चालता हो म्हणेल, सगळ्याची तयारी करून आलो होतो. तो उठून बसायला गेला, वहिनींनी पाठीशी उशी लावली. त्याने उजवा हात हवेत धरला आणि बोटं बघत राहिला.

“म्हणजे माझा हात बरोबर होता?”

“तुझा हात बरोबर होता.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं.